शस्त्रसंग्रहाचा विमा आणि विश्वस्तभाव

खासगी शस्त्रसंग्रहाचा विमा हा वरवर पाहता हिशेबाचा विषय वाटतो: वस्तू किती, किंमत किती, हप्ता किती. पण शस्त्र हे घरातल्या इतर चीजवस्तूंसारखे नसते. दागिना चोरीला गेला तर नुकसान मालकाचे होते आणि तिथेच थांबते. बंदूक चोरीला गेली तर मालकाचे नुकसान हा त्या घटनेतला सर्वांत लहान भाग ठरतो. ती बंदूक पुढे कोणावर रोखली जाईल, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पॉलिसी निवडण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि तो धर्मविचाराच्या प्रांतातला आहे. शस्त्र बाळगणाऱ्याने संरक्षण कशाचे मागायचे, आपल्या मालमत्तेचे की त्या मालमत्तेमुळे धोक्यात येणाऱ्या माणसांचे?

भारतात बंदुकांचा खासगी संग्रह कायद्यानेच आखून दिलेला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. ज्यांच्याकडे तिसरे शस्त्र होते त्यांना ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यासाठी एक वर्ष मिळाले. वारसाहक्काने येणाऱ्या शस्त्रांनाही दोनचीच मर्यादा लागू झाली, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. मान्यताप्राप्त नेमबाजांना सवलत आहे. ज्या जुनाट शस्त्रातून दुरुस्तीनंतरही गोळी सुटू शकत नाही, ते कायद्याच्या कचाट्याबाहेर राहते. तलवार, भाला, कट्यार, संगीन ही अग्निशस्त्रे नसली तरी शस्त्र नियमांच्या यादीत त्यांचा वेगळा वर्ग आहे. ती देवघराशेजारी टांगणे आणि रस्त्यावर मिरवणे यांत कायदा फरक करतो.

हा कायदा पाळणारी घरे कशी असतात, याचे उदाहरण म्हणून छत्रपती संभाजीनगरमधील मुकुंदवाडी घेऊ. हे मूळचे गाव. शहर वाढत गेले तसे ते सिडकोच्या वसाहती, जालना रस्ता, रेल्वे स्थानक आणि चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत यांच्या मध्ये आले. अशा वस्तीतल्या घरात शस्त्रे वेगवेगळ्या वाटांनी येतात. शेती असताना रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक असते. सैन्यातून निवृत्त होऊन बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारावर पहारा करणाऱ्याची बारा बोअरची दुनळी असते. आजोबा-पणजोबांकडून आलेली तलवार किंवा दांडपट्टा असतो. धनिकांच्या काचेच्या कपाटातला संग्रह इथे क्वचितच असेल, पण दोन शस्त्रे आणि एक तलवार असलेले घरही या विचारापुरते संग्राहकाचेच घर आहे. बहुधा तिथे प्रश्न अधिक टोकदार असतो, कारण गावठाणातल्या घरांच्या भिंती एकमेकींना लागून असतात आणि एका घरातला अपघात त्या घरापुरता राहत नाही.

या विषयातली पहिली धार्मिक हरकत शस्त्राला नसून विम्यालाच आहे. उद्याची तरतूद पैशाने करून ठेवणे म्हणजे ईश्वरावरचा भरवसा कमी पडणे, असा हा आक्षेप. गीतेत त्याची दोन्ही टोके सापडतात. न मिळालेले मिळवणे आणि मिळालेले राखणे या दोन्हींना मिळून योगक्षेम म्हणतात. दुसऱ्या अध्यायात या दोन्हींची चिंता सोडून देण्याचा उपदेश आहे, तर नवव्या अध्यायात अनन्यभावाने भजणाऱ्यांचा हाच भार भगवंत स्वतःकडे घेतो. या नवव्या अध्यायातील वचनातून भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपले ब्रीद घेतले आहे. जे आश्वासन भक्ताला देवाकडून मिळाले ते विमाधारकाला संस्थेकडून मिळते, असा त्या ब्रीदाचा सरळ अर्थ होतो. महामंडळाची स्थापना १९५६ ची; ज्ञानेश्वरांनी याच भूमीत, नेवाशाला, गीतेचे मराठीत विवरण केले त्याला तेव्हा साडेसहा शतके उलटून गेली होती. भक्ताने काळजी सोडायची की संस्थेकडे सोपवायची, हा प्रश्न मात्र त्या ब्रीदाने मिटत नाही.

महात्मा गांधींनी तो स्वतःपुरता सोडवला आणि त्यांचा मार्ग इथे विशेष उपयोगी आहे. मुंबईत वकिली करत असताना एका अमेरिकन विमा कंपनीच्या एजंटाच्या बोलण्याने त्यांनी दहा हजार रुपयांची आयुर्विमा पॉलिसी घेतली होती. पुढे दक्षिण आफ्रिकेत गीतेच्या अभ्यासातून अपरिग्रह आणि समभाव या कल्पनांनी त्यांना घेरले. घरदार, बायकामुले, पुस्तकांची कपाटे हे सगळे बाळगून अपरिग्रही कसे व्हायचे, हा पेच त्यांना इंग्रजी कायद्यातल्या विश्वस्ताच्या कल्पनेने सोडवून दिला. विश्वस्ताच्या ताब्यात कोट्यवधींची संपत्ती असली तरी त्यातली एक पैही त्याची स्वतःची नसते. त्यानंतर त्यांनी पॉलिसी बंद पडू दिली. आपल्या माघारी कुटुंबाचे रक्षण करणारा ईश्वर आहे आणि विमा उतरवून आपण पत्नी-मुलांचे स्वावलंबन हिरावून घेतले, असे त्यांचे म्हणणे होते. आत्मकथेत त्यांनी ही हकीकत सविस्तर सांगितली आहे.

गांधींचा निर्णय शस्त्रधारकाने जसाच्या तसा उचलला तर मात्र तो चुकेल. गांधींनी सोडली ती स्वतःच्या घराला मिळणारी भरपाई होती. तिच्यावर हक्क त्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा होता, म्हणून ती सोडण्याचा अधिकारही त्यांचा होता. बंदुकीतून चुकून सुटलेल्या गोळीने शेजाऱ्याच्या मुलाचा पाय गेला, तर त्या मुलाला मिळू शकणारी भरपाई सोडण्याचा अधिकार बंदुकीच्या मालकाकडे येतो कुठून? आपल्या वाट्याचा त्याग पुण्याचा असेल. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग हा त्यागच नव्हे. गांधींचीच विश्वस्ताची कल्पना पुढे नेली तर शस्त्र बाळगणाऱ्याने परक्याच्या हानीची तरतूद आधी करावी, असे निघते. ईश्वरावर भरवसा ठेवून स्वतःचा विमा न उतरवणारा माणूस या तरतुदीमुळे कमी श्रद्धावान ठरत नाही.

इस्लामी धर्मशास्त्र वेगळ्या वाटेने याच जागी येते. व्यापारी विम्यावर बहुसंख्य फकीहांचा, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांचा, आक्षेप आहे, कारण त्यात अनिश्चितता, जुगाराचा अंश आणि व्याज यांची सरमिसळ होते. १९८५ साली जेद्दा येथे इस्लामी सहकार्य संघटनेच्या फिक्ह अकादमीने व्यापारी विमा निषिद्ध ठरवला, मात्र परस्पर साहाय्यावर उभ्या असलेल्या सहकारी विम्याला मान्यता दिली. सहकारी विम्याच्या बाजूने जुनी परंपरा म्हणून दाखवली जाते ती आकिलाची. एखाद्याच्या हातून अनवधानाने मनुष्यवध झाला तर मृताच्या वारसांना द्यायची दियत, म्हणजे भरपाई, एकट्या गुन्हेगारावर न टाकता त्याच्या आप्तगणाने मिळून भरायची, असा हा नियम. विम्याविषयी इतकी सावध असलेली परंपराही एका जागी विनासंकोच सामूहिक तरतूद मान्य करते, आणि ती जागा परक्याच्या प्राणहानीची आहे. भारतीय करार कायद्यातही पैजेचा करार रद्दबातल मानला जातो. विमा पैज ठरत नाही, कारण विमा घेणाऱ्याचे त्या वस्तूत खरे हितसंबंध असावे लागतात.

आता शस्त्राकडे वळावे लागते. शस्त्र बाळगण्याविषयी या भूमीतल्या परंपरांचे एकमत नाही आणि ते ओढून-ताणून घडवण्यात अर्थही नाही. बौद्धांच्या अंगुत्तर निकायात उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला येतो. जैन श्रावकाचाराने परिग्रहाला परिमाण घालायला सांगितले, शिवाय हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे हा निरर्थक पापाचा एक प्रकार म्हणून स्वतंत्र मोजला. शीख परंपरेत शस्त्र हे धर्मरक्षणाचे साधन आहे, आणि कृपाण धारण करण्याचा हक्क राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात नोंदलेला आहे. मराठवाड्यातच, नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे, गुरू गोविंदसिंगांशी जोडलेली शस्त्रे जपली जातात आणि दिवाळीच्या सुमारास तख्तस्नानात गोदावरीच्या पाण्याने धुतली जातात. या शस्त्रांना बाजारभाव लावण्याचा विचारही भाविकाला अनुचित वाटेल, आणि ते योग्यच आहे.

मराठी घरात शस्त्र देवघरापर्यंत येते ते खंडेनवमीला आणि दसऱ्याला. त्या दिवशी तलवारीबरोबर कोयता, विळा, पाना, शिलाई मशीन, रिक्षा यांनाही हळद-कुंकू आणि झेंडू मिळतो. पूजा होते ती साधनाची, त्याच्या किमतीची नव्हे. त्याच संध्याकाळी आपट्याची पाने सोने म्हणून वाटली जातात, तिथेही किंमत बाजूलाच राहते. दसऱ्याच्या शमीपूजनामागची कथा विम्याच्या विचाराला थेट भिडते. विराटपर्वात पांडव अज्ञातवासात जाण्यापूर्वी आपली शस्त्रे गुंडाळून शमीच्या झाडावर ठेवतात आणि कोणी जवळ येऊ नये म्हणून झाडाला एक प्रेत टांगतात. शस्त्रे सुरक्षित राहावीत हा एक हेतू, आणि नको त्या हाती जाऊ नयेत हा दुसरा. शस्त्र ठेवण्याची जागा दोन्ही बाजूंनी विचार करून निवडायची असते, हे त्या कथेत इतके स्वच्छ आहे की वेगळ्या उपदेशाची गरज पडत नाही. सौप्तिकपर्वात याची उलट बाजू दिसते. अर्जुन आपले अस्त्र मागे घेऊ शकतो, अश्वत्थामा ते घेऊ शकत नाही आणि ते उत्तरेच्या गर्भावर वळवतो. ज्याचा युद्धाशी काही संबंध नाही असा न जन्मलेला जीव त्याचा बळी होतो. विमाशास्त्रात ज्याला तिसरा पक्ष म्हणतात, त्याचे याहून करुण उदाहरण सापडणे कठीण.

या सगळ्यावरून पॉलिसी निवडण्याचा क्रम ठरतो, आणि तो बाजारातल्या सवयीच्या उलट आहे. बाजारात आधी वस्तूची किंमत विचारली जाते. इथे तिसऱ्या पक्षाची जबाबदारी आधी यायला हवी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार जालना रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक दुचाकीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. घातक रसायने हाताळणाऱ्या कारखान्यांना, भोपाळच्या दुर्घटनेनंतर आलेल्या १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याने तो सक्तीचा झाला. परवानाधारक बंदुकीला मात्र शस्त्र कायदा अशी सक्ती करत नाही. जर्मनीत शिकारीचा परवाना मिळवायचा तर जबाबदारीचा विमा आधी दाखवावा लागतो. कॅलिफोर्नियातील सॅन होजे या शहराने २०२३ पासून बंदूकमालकांना तो बंधनकारक केला आणि तसे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर ठरले. भारतात कायदा गप्प आहे तिथे धारकाच्या सदसद्विवेकाने बोलायला हवे. सक्ती नसताना घेतलेला थर्ड पार्टी विमा हे शस्त्र बाळगण्याच्या हक्काबरोबर येणारे कर्तव्य आहे.

व्यवहारात हे संरक्षण घरमालकांच्या एकत्रित पॉलिसीतील सार्वजनिक दायित्वाच्या भागात किंवा स्वतंत्र वैयक्तिक दायित्व पॉलिसीत शोधावे लागते. शस्त्रांमुळे उद्भवणारी जबाबदारी तिथे वगळलेली असू शकते, म्हणून शस्त्रांचा उल्लेख करून लेखी उत्तर मागणे हाच खात्रीचा मार्ग. परवाना क्रमांक, शस्त्राचा प्रकार, ते घरी असते की नोकरीच्या जागी नेले जाते, हे सगळे प्रस्तावात सांगितले पाहिजे. विमा करार परम सद्भावावर उभा असतो आणि लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी करारच मोडून टाकते. पहारेकऱ्याची दुनळी तर रोज घराबाहेर असते. ती कामावर असताना झालेल्या अपघाताची जबाबदारी त्याची, सुरक्षा संस्थेची की बँकेची, हे संस्थेबरोबरच्या करारात पाहून घ्यावे लागते. आपल्या नावावरच्या शस्त्राने दुसऱ्याची तिजोरी राखणाऱ्या या माणसाला हा प्रश्न कोणी विचारायला सांगत नाही, ही या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे.

विमा हेतुपुरस्सर किंवा बेकायदा कृत्याची भरपाई देत नाही. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यातून कोणी जखमी झाले तर विमा कंपनी पाठीशी उभी राहील, ही अपेक्षा फोल आहे. परवान्याची मुदत संपून गेलेल्या शस्त्राचेही तेच, कारण बेकायदा ताब्यावर कायदेशीर हितसंबंध उभे राहत नाहीत. नूतनीकरणाची तारीख आणि पॉलिसीची तारीख शेजारी-शेजारी लिहून ठेवाव्यात.

दुसऱ्या क्रमांकावर ताबा आणि चोरी. २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळणारी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आग, भूकंप, पूर, वीज अशा संकटांसाठी आहे. तिच्यात घरातल्या सामानाचा समावेश होतो, पण चोरीचे संरक्षण विमित संकटानंतरच्या सात दिवसांत, त्या संकटामुळे झालेल्या चोरीपुरतेच असते. स्फोटक पदार्थ वेगळा उल्लेख नसेल तर वगळलेले असतात, त्यामुळे काडतुसे आणि दारू यांचा भरवसा तिच्यावर टाकता येत नाही. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तिथे कडक अट असते. हरचंद राय चंदनलाल यांच्या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पॉलिसीत बळजबरीच्या प्रवेशाची अट असेल तर कुलूप किंवा दार न फोडता झालेल्या चोरीला घरफोडीची भरपाई मिळत नाही. उघड्या कपाटातून पाहुण्याने उचललेली बंदूक या व्याख्येत बसत नाही. शमीच्या झाडाची जागा आज भिंतीत किंवा जमिनीत बोल्ट केलेल्या पोलादी तिजोरीने घेतली आहे. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवणे हा तिचाच भाग. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले तर ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे ही परवान्याची अट आहे. ती शेजारधर्माचीही अट आहे, आणि विमा कंपनीला कळवण्याआधी पाळायची आहे.

निवडणुकीच्या काळात आदेश निघाला की परवानाधारकांना शस्त्रे ठाण्यात जमा करावी लागतात. घरातल्या सामानाची पॉलिसी सहसा पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे त्या आठवड्यांत शस्त्र तिच्या कक्षेबाहेर जाऊ शकते. जमा पावती जपणे आणि इतरत्र ठेवलेल्या वस्तूंसाठी वाढीव संरक्षण आहे का हे आधी विचारणे एवढे पुरते.

किंमत शेवटी येते, आणि तिथे दोन पद्धती आहेत. बाजारमूल्यावरच्या विम्यात वापराची घट वजा होते. ठरीव मूल्याच्या विम्यात आधी मान्य झालेली रक्कम मिळते. बारा बोअरच्या साध्या दुनळीला पहिली पद्धत पुरते. जुन्या तलवारीला दुसरी, कारण तिच्यासारखी दुसरी बाजारात मिळतच नाही. ‘भारत गृह रक्षा’मध्ये दागिने आणि दुर्मीळ वस्तूंसाठी ठरीव मूल्याचे ऐच्छिक संरक्षण आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, तिच्या निर्यातीला बंदी आहे, म्हणून परदेशी लिलावातली किंमत घरच्या तलवारीला लावणे चूक आहे.

लिलावातली किंमत कुठे लागू पडते, याचे ताजे उदाहरण नागपूरकर भोसल्यांचे आहे. पहिल्या रघुजी भोसल्यांची, युरोपीय पात्याची आणि सोन्याच्या देवनागरी लेखाची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात आली आणि महाराष्ट्र शासनाने ती मिळवली. हाताळणी, वाहतूक आणि विमा धरून सुमारे ४७.१५ लाख रुपये खर्च झाला. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. प्रवासात ती हरवली असती तर पैसे परत आले असते, तलवार परत आली नसती. तरीही विमा उतरवणे योग्यच होते, कारण पैसा जनतेचा होता आणि शासन त्याचे विश्वस्त होते. पण ज्या मोलासाठी ती आणली गेली, ते कोणत्याही पॉलिसीत लिहिता येत नाही. घरच्या पूजेतल्या तलवारीचेही तसेच आहे. तिचा विमा धातू, कारागिरी आणि वय यांचा उतरवावा; आठवण आणि श्रद्धा यांची रक्कम त्यात मिसळू नये. मिसळली तर हप्ता फुगतो आणि पूजेची वस्तू हळूहळू गुंतवणूक होते. भाव चढेल या आशेने शस्त्रे जमवणे बुद्धाने वर्ज्य सांगितलेल्या व्यापाराच्या उंबरठ्यावर जाऊन पोहोचते, मग ती विकली जावोत वा न जावोत.

राहतो वारसांचा प्रश्न. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. धारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि वारसाला स्वतःचा परवाना काढावा लागतो. शहरात तो पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येतो. मधल्या काळात जुनी पॉलिसी आपोआप वारसाच्या नावे चालू राहते असे गृहीत धरता येत नाही. धारकाने हयातीतच शस्त्राचा क्रमांक, छायाचित्रे, परवान्याची प्रत, मूल्यांकन आणि तिजोरीची माहिती एका जागी ठेवून घरातल्या एका तरी जबाबदार माणसाला सांगावी. हिंसेचे साधन कोणाच्या हाती द्यायचे, हा जैन आचारधर्माने विचारलेला प्रश्न इथे प्रत्यक्षात येतो. रागीट किंवा व्यसनी मुलगा हक्काने पहिला वारस असला तरी शस्त्राचा वारस म्हणून योग्य नसतो, आणि ते मृत्युपत्रात स्पष्ट लिहिण्यात संकोच करण्याचे कारण नाही. कोणालाच शस्त्र नको असेल तर ते परवानाधारक विक्रेत्याला विकता येते किंवा शासनाकडे जमा करता येते. ऐतिहासिक मोलाचे असेल तर संग्रहालयाला देता येते. शहरातच महापालिकेचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे आणि तिथे जुनी शस्त्रे व चिलखत जतन केलेली आहेत. असे दान स्वीकारले गेले की राखण्याची आणि विम्याची जबाबदारी संस्थेकडे जाते, आणि घरची पॉलिसी त्या तारखेपासून रद्द करून उरलेल्या मुदतीचा हप्ता नियमाप्रमाणे परत मागता येतो.